जुन्या संगणकावर पॉवरपॉइंटमध्ये आलेख येत नसेल तर

लासलगावच्या कांदाभावाचा आलेख स्लाइडवर घालताना नाशिकमधील एखाद्या जुन्या संगणकावर एररचा संदेश आला, तर प्रथम एक्सेल बसवलेले आहे का ते पाहावे; कारण पॉवरपॉइंट २००७ पासून आलेखाची आकडेवारी एक्सेलमध्ये उघडते आणि ते नसल्यास मायक्रोसॉफ्ट ग्राफ हे आलेख काढण्याचे जुने साधन पुढे येते. एक्सेल असूनही अडचण येत असेल, तर त्यातील एखादा सेल अर्धवट टाइप केलेला नाही ना, हे तपासून सर्व फाइल्स सेव्ह करून बंद कराव्यात. दोष पुष्कळदा एवढाच निघतो. नंतर कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्रॅम्सच्या यादीत ऑफिस निवडून ‘चेंज’ व ‘रिपेअर’ करावे. तरीही न जमल्यास एक्सेलमधला आलेख चित्र म्हणून पेस्ट करावा. मात्र आकडे बदलले की तो नव्याने चिकटवावा लागतो, आणि कांद्याचे भाव तर रोजच बदलतात.