स्टुअर्ट महामार्गावर कॅरॅव्हॅनने जाताना
ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा सुमारे 2,700 किलोमीटरचा रस्ता मित्रांसोबत कॅरॅव्हॅनने, म्हणजे गाडीमागे जोडलेल्या फिरत्या घराने, पार करायचा असेल, तर मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ निवडावा. ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी या सुमारे 250 किलोमीटरच्या टप्प्यात वाटेत इंधन मिळत नाही. त्यामुळे टाकी काठोकाठ भरून आणि पिण्याचे पाणी हाताशी ठेवूनच निघावे. पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला मालट्रक) शेजारून गेली, की हवेच्या झोताने कॅरॅव्हॅन डोलू लागते. अशा वेळी करकचून ब्रेक न दाबता स्टिअरिंग सरळ धरून वेग हळूहळू कमी करावा. स्वयंपाकाच्या पाळ्या मात्र घरूनच ठरवाव्यात, कारण भांडणे बहुधा खरकट्या भांड्यांवरूनच होतात. कांगारू तिन्हीसांजेला रस्त्यावर येत असल्याने सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा.