फ्री डिशचा बॉक्स घेण्याआधी टीव्हीची मागची बाजू पाहा

डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या डिश सेवेला महिन्याचं भाडं नाही, पण बॉक्स चुकीचा निघाला तर काही चॅनल दिसतच नाहीत.

१. आधी टीव्हीच्या मागे 'सॅटेलाइट' किंवा 'एलएनबी इन' लिहिलेलं, पेचाचं गोल तोंड आहे का बघा (एलएनबी म्हणजे डिशच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग). काही नव्या टीव्हींत ट्यूनर, म्हणजे डिशचा सिग्नल वाचणारा भाग, आतच असतो. डिशची वायर थेट तिथे लावून चॅनल शोधा. जमलं तर बॉक्सचा खर्चच वाचला!

२. नसेल तर नागपूरच्या सीताबर्डीत दुकानदाराला 'एमपेग-४, डीव्हीबी-एस२' असाच बॉक्स मागा (ही चॅनल पाठवण्याच्या नव्या पद्धतींची नावं आहेत). नुसता जुन्या पद्धतीचा एमपेग-२ स्वस्त पडतो, पण फ्री डिशवरचे एमपेग-४ चॅनल त्यावर उघडत नाहीत. नुसत्या 'एचडी' शब्दावर जाऊ नका, एमपेग-४ आहे का ते बघा. शक्य असेल तर एमपेग-४ चॅनल तिथेच लावून दाखवायला सांगा.

३. जुन्या डबा टीव्हीसाठी एव्हीची तीन रंगांची वायर चालते का, तेही विचारा. नुसत्या एचडीएमआयचा तिथे उपयोग नाही.

उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. नागपुरातून डिश आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. त्या बाजूला कडुनिंब किंवा उंच इमारत नको.

सांभाळा: वायर जोडता-काढताना बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करा. त्या वायरमधून एलएनबीला १३ ते १८ व्होल्ट जातात. आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्स जळू शकतो.