शेतात जुनी कुऱ्हाड सापडली तर: कशी ओळखावी, कशी नोंदवावी

प्राचीन कुऱ्हाडी शोधायला निघालेल्यांपेक्षा दुसऱ्याच कामात असलेल्या माणसांना जास्त सापडतात. नांगरट, विहिरीचे खोदकाम, पांढरीची (जुन्या वस्तीच्या टेकाडाची) माती वाहणे, पावसाळ्यात खचलेली ओढ्याची कड, गुरे चारणे, अशी ही निमित्ते. आजच्या मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी १८७० साली गुराखी मुलांच्या नजरेला जमिनीत तांबे पडले. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. नुसते तांबेच पावणेचारशे किलोच्या आसपास भरले आणि त्यात चपट्या कुऱ्हाडी मोठ्या संख्येने होत्या.

अशी वस्तू हातात आली की पहिला प्रश्न असतो, "किती जुनी?" त्याचे उत्तर बहुतेक वेळा कुऱ्हाडीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या मातीत असते. म्हणून सुरुवात जागेपासून करायची.

१. उचलण्याआधी जागा टिपा

वस्तू अजून मातीत रुतलेली असेल तर ओढून काढू नका. आधी मोबाइलवर तीन फोटो घ्या: एक अगदी जवळून, एक वरून सरळ खाली बघत, आणि एक लांबून. लांबच्या फोटोत विहीर, बांध, विजेचा खांब असे काहीतरी न हलणारे दिसले पाहिजे. मोबाइलच्या नकाशावर त्या जागेवर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांश मिळतात. ते आकडे वहीत उतरवून घ्या. सोबत गाव, तालुका आणि सातबाऱ्यावरचा गट क्रमांक लिहा. मोबाइल बदलतो, फोटो हरवतात, पण गट क्रमांकावरून ते शेत पन्नास वर्षांनीही सापडते.

मग खोली. जमिनीच्या पातळीपासून वस्तूपर्यंत टेप लावून मोजा. माती कशी आहे तेही लिहा: काळी, पांढरी, तांबूस मुरूम, की वाळू-गोट्यांचा थर? शेजारी खापरे, राख, हाडे, गारगोटीच्या कपच्या दिसतात का? लाल खापरावर काळी नक्षी दिसली तर ती नोंद कुऱ्हाडीइतकीच मोलाची आहे. जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांच्या, भांड्यांची ती ओळख आहे आणि ही संस्कृती महाराष्ट्रात साधारण इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० या काळातली. खापरे मात्र होती तिथेच राहू द्या.

नांगराने वर आलेली वस्तू आधीच हललेली असते, तरी जागा लिहायचीच. "विहिरीतून काढलेल्या मातीच्या ढिगात, ढिगाच्या पूर्व कडेला, विहीर अंदाजे बारा फूट खोल असताना" एवढी एक ओळसुद्धा अभ्यासकाला खूप काही सांगते.

एकाच ठिकाणी दोन-चार कुऱ्हाडी, मडक्यात ठेवलेल्या वस्तू किंवा माणसाची हाडे दिसली तर तेवढ्या भागातले काम थांबवा. आणखी काय निघते हे पाहण्यासाठी खणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण थर एकदा उलटापालटा झाले की कुणालाही ते परत लावता येत नाहीत.

जागेवर इतका भर का, ते दोन उदाहरणांवरून कळेल. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी चेन्नईजवळच्या पल्लावरमला मुरमाच्या खड्ड्यात एक घडवलेला दगड मिळाला. त्यांनी तारीख आणि ठिकाण लिहून ठेवले, म्हणून भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात आज नेमक्या दिवसासकट सांगता येते. उलट प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झुडपाचे मूळ खणताना एका गावकऱ्याला धातूचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला, मिळून साठ किलोंहून जास्त वजनाचा. पुढे पुरातत्त्वज्ञांनी त्या जागी खणून पाहिले आणि काहींनी त्या वस्तू उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या, काळातल्या मानल्या. काहींनी धातूतल्या अर्सेनिकच्या प्रमाणावरून त्याबद्दल शंका घेतली. या वस्तू मातीतून निघताना त्यांच्याभोवतीचा थर कुणी टिपला असता, तर हा वाद इतका लांबला नसता असे मला ठामपणे वाटते.

२. कोणत्या जातीची कुऱ्हाड आहे ते पाहा

आपल्याकडे ढोबळमानाने चार प्रकार भेटतात. सगळ्यात आधी दांड्याचे भोक आहे का ते पाहा. दगडी आणि तांब्याच्या प्राचीन कुऱ्हाडींना आपल्या भागात सहसा भोक नसते. कुऱ्हाड लाकडाच्या खाचेत बसवून बांधत, किंवा सरळ हातातच धरत. लोखंडी पात्याला व्यवस्थित गोल भोक असेल तर ते बहुधा अलीकडच्या शतकांतले, कदाचित आजोबांच्या वेळचे. तरीही खोल थरात, जुन्या खापरांबरोबर मिळाले असेल तर नोंद करा.

हातकुऱ्हाड हा यातला सर्वांत जुना प्रकार आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष होणाराही. ती बदामाच्या किंवा पेराच्या आकाराची असते, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला जाड, बहुतेक वेळा दहा ते वीस सेंटिमीटर लांब. महाराष्ट्रात ती बेसाल्ट किंवा डोलेराइटची, म्हणजे ओळखीच्या काळ्या पाषाणाची असते, त्यामुळे पटकन धोंडाच वाटते. हातात घेऊन कडेने बघा. दोन्ही बाजूंनी टवके काढल्यामुळे धार नागमोडी झालेली दिसेल. प्रत्येक टवक्याच्या जागी उथळ वाटीसारखा खळगा असतो आणि शेजारचे दोन खळगे जिथे भेटतात तिथे बोटाला कंगोरा लागतो. जाड टोकाकडे कधी मूळ गोट्याची गुळगुळीत साल तशीच ठेवलेली असते, तळव्यात नीट बसावी म्हणून. सगळ्या खळग्यांवर सारखाच जुनाट, मळकट थर असला पाहिजे. एखादाच खळगा ताजा, गडद काळा दिसला तर तो नांगराचा घाव आहे. नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकी इथे अशी हत्यारे उत्खननात मिळाली. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची ठरली आहेत. बांधावर टाकून दिलेला दगड एवढा जुना असू शकतो.

घासून गुळगुळीत केलेली दगडी कुऱ्हाड त्रिकोणी किंवा चौकोनी असते, मागे अरुंद आणि धारेकडे रुंद. अशा कुऱ्हाडी दक्षिणेत कर्नाटकात बळ्ळारीच्या आसपास विपुल, महाराष्ट्रात तुलनेने कमी. धार दोन्ही बाजूंनी उतरती घासलेली असते. भिंग लावून पाहिले तर घासल्याच्या बारीक रेघा एका दिशेने गेलेल्या दिसतात. भारतात अनेक ठिकाणी लोक अशा दगडांना आकाशातून विजेबरोबर पडलेले मानतात, तर मध्य भारतात त्या पिंपळाखाली देव म्हणून मांडलेल्याही सापडल्या आहेत. देवळात किंवा पारावर अशी कुऱ्हाड दिसली तर ती हलवू नका. पुजाऱ्याला विचारून तिथेच फोटो घ्या, तिथेच मापे घ्या.

तांब्याची कुऱ्हाड चपटी असते आणि तिची धार बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वळलेली असते. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला १९५०-५१ च्या उत्खननाच्या वेळी अशा सहा कुऱ्हाडी मिळाल्या आणि त्याच गावाचे नाव संस्कृतीला लागले. रंग हिरवा असतो, क्वचित तपकिरी किंवा काळसर. आकाराच्या मानाने वजन लक्षात येण्याइतके जास्त लागते. मोडीच्या तांब्याच्या भावात ती विकली गेली तर तिच्यासोबत तीन हजार वर्षांची गोष्ट भट्टीत जाते. या एका प्रकाराबद्दल मी गावोगाव पुन्हा पुन्हा सांगत राहतो.

लोखंडी कुऱ्हाड म्हटली की विदर्भ. नागपूरजवळच्या माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथल्या शिळावर्तुळांखालच्या दफनांत चपट्या लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. पात्याला दांड्याशी जखडून ठेवणाऱ्या आडव्या-उभ्या लोखंडी पट्ट्या ही तिथली खास खूण. गंजामुळे त्या पट्ट्या पात्याला चिकटलेल्या गाठीसारख्या दिसतात. ती घाण समजून खरवडू नका. शिळावर्तुळातला एक दगडही हलवायचा नाही.

३. फसवणारे दगड

दख्खनचा बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्रे सुटत झिजतो आणि त्यातून छान गोल दगड तयार होतात. ते माणसाने घडवलेले नसतात. नदीतला चपटा गोटा घासलेल्या कुऱ्हाडीसारखा वाटतो, पण त्याच्या सगळ्या कडा सारख्याच गोलसर असतात, मुद्दाम काढलेली धार नसते. खडी क्रशरजवळ आणि जुन्या खडीच्या रस्त्याकडेला टवके उडालेले दगड ढिगाने मिळतात. त्यांचे खळगे ताजे आणि इतस्ततः असतात, दोन्ही बाजूंनी मिळून एक आकार साधलेला नसतो. शंका असेल तर दगड फेकू नका, नोंद करून दाखवा. तज्ज्ञाला नकार द्यायला दोन मिनिटे लागतात.

४. धुणे-पुसणे नको

दगडी हत्यार फार तर साध्या पाण्यात हलके बुडवून, मऊ ब्रशने चिखल काढता येते. धातूला पाणीही नको. चिंच-मीठ, लिंबू, पितांबरी, सँडपेपर, तेल, वॉर्निश, यांपैकी काहीही लावू नका. तांब्यावरचा हिरवा थर ही त्या वस्तूची सालच आहे, आणि धार कशी वापरली गेली याच्या खुणा त्याच थरात असतात. फिकट हिरवी भुकटी सुटताना दिसली तर गंज चालू आहे असे समजा आणि कळवण्याची घाई करा. तोवर वस्तू मऊ कागदात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या जागी ठेवा. ओलसर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले लोखंड एका पावसाळ्यात सुटून जाते.

५. मापे, फोटो आणि नोंदीचा कागद

लांबी, धारेची रुंदी, मागच्या टोकाची रुंदी आणि सर्वांत जास्त जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. वजन स्वयंपाकघरातल्या किंवा सोनाराकडच्या काट्यावर ग्रॅममध्ये.

फोटोसाठी वस्तू साध्या, एकरंगी कापडावर ठेवा, निमुळता भाग वर. उजेड डावीकडून वरून तिरपा पडू द्या, म्हणजे खळगे उठून दिसतात. भर दुपारचे ऊन आणि फ्लॅश दोन्ही नकोत. समोरची बाजू, मागची बाजू, एक कड आणि धार, असे चार फोटो हवेत. प्रत्येकात पट्टी दिसली पाहिजे. पट्टी नसेल तर दहा रुपयांचे नाणे ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. जमल्यास कागदावर ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढा. दगडासाठी हे सरळ चालते, धातूला पेन्सिल टेकू देऊ नका.

कागदावर एवढे असावे: सापडल्याची तारीख, सापडवणाऱ्याचे आणि जमीनमालकाचे नाव, गाव-तालुका-जिल्हा, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, खोली, माती, सोबत काय होते, वस्तूचे साहित्य, मापे, वजन, आणि आता ती कुठे ठेवली आहे. स्वतःला जे दिसले ते आणि दुसऱ्याने सांगितले ते वेगवेगळे लिहा. "आजोबा म्हणायचे की इथे जुने गाव होते" हेही लिहावे, फक्त आजोबांच्या नावाने.

वस्तूवर पेनने क्रमांक घालू नका. जाड कागदाची चिठ्ठी दोऱ्याने खोक्याला बांधा.

६. कळवणे

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती काय आहे, कुठे आणि कधी सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास शिक्षेची तरतूद आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. परदेशातून आलेल्या नातेवाइकाला भेट म्हणून द्यायचा विचारही नको.

व्यवहारात असे करा: तलाठी किंवा तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या आणि त्याची प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला पाठवा. सोबत नोंदीचा कागद आणि फोटो जोडा. ओळख पटवण्यासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा जवळच्या विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग मदत करतो. गोव्यात राज्याचे पुरातत्त्व खाते आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना मेटल डिटेक्टरचा छंद असेल तर तिथला नियम वेगळा: इंग्लंड आणि वेल्समध्ये एकाच ठिकाणी दोन किंवा अधिक प्रागैतिहासिक धातूच्या वस्तू मिळाल्या तर त्या निधी ठरतात आणि चौदा दिवसांत कळवाव्या लागतात.

शेतकऱ्यांना भीती असते की सरकार जमीन घेईल. एक कुऱ्हाड कळवली म्हणून पेरणी थांबत नाही. बहुतेक वेळा कुणीतरी येऊन शेताभोवती फिरते, खापरे पाहते, नोंद करते.

अचूक ठिकाण व्हॉट्सॲप गटावर किंवा फेसबुकवर टाकू नका. रात्री खणायला येणारे लोक हेच शोधत असतात. फोटो दाखवायचाच असेल तर तालुक्यापुरते नाव पुरे.

वस्तू सुपूर्द करताना पोच घ्या. पोचीवर वर्णन, वजन आणि तारीख असावी, आणि स्वीकारणाऱ्याची सही-शिक्का. तुमच्या नोंदीच्या कागदाची एक प्रत त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे ठेवा आणि गावच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या गुरुजींना किंवा बाईंना एक द्या. पुढच्या नांगरटीत त्याच गटात आणखी काही निघाले, तर त्याच कागदाच्या पाठीवर नवी तारीख घालून लिहा.