आधी सॉफ्टवेअरमधली शनिवारची सुट्टी काढा, मग पार्टीला (ग्राहकाला) तारीख द्या

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये एका वेळी चार-पाच पोलादी टाक्यांची कामं चालू असतात आणि कुठली कशासाठी अडली, ते व्हॉट्सॲप ग्रुपवर वर-खाली करत शोधावं लागतं. सॉफ्टवेअर निवडताना एवढंच बघा: एक काम लांबलं की पुढची कामंही सरकतात का? कोटेशनं, तक्रारी, मशीनची देखभाल अशी सुटी कामं असतील तर ट्रेलोसारखा कार्डांचा ऑनलाइन बोर्ड पुरे. टाकीचं तसं नाही, तिला गँट चार्टच हवा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कामांचं पट्ट्यांचं वेळापत्रक. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट महाग वाटलं तर प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे. पार्टीकडून आलेली एमपीपी (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची) फाइलही त्यात उघडते.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये बहुतेकांचं गणित पहिल्याच दिवशी चुकतं ते कॅलेंडरमुळे. सॉफ्टवेअर शनिवार-रविवार सुट्टी आणि आठवड्याचे ४० तास धरून चालतं. शॉप सहा दिवस चालत असेल तर ‘चेंज वर्किंग टाइम’मध्ये शनिवार कामाचा करा, आणि ऑप्शन्समध्ये आठवड्याचे तास ४८ करा. हे दुसरं राहिलं तर ‘१ आठवडा’ लिहिलेलं काम पाचच दिवसांचं धरलं जातं. मग सुट्ट्या भरा: १४ आणि १५ जानेवारी दोन्ही, कारण वासी उत्तरायणालाही (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीही) पतंग उडवायला वेल्डर गच्चीवरच असतो. दिवाळीची सुट्टी लाभपाचमपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत) धरा. छठला गावी जाणारे कारागीर असतील तर त्याच्याही पुढे.

आता कामं लिहा: ड्रॉइंग मंजुरी, प्लेट खरेदी, कटिंग, रोलिंग, वेल्डिंग, रेडिओग्राफी (वेल्डिंगचा एक्स-रे), हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी), रंग, डिस्पॅच. नवी कामं ‘ऑटो शेड्यूल्ड’वर ठेवा, नाहीतर जोडलेली असूनही ती हलत नाहीत. तारखा हाताने टाकू नका. सुरुवातीची तारीख टाइप केली की ‘त्याआधी सुरू नाही’ अशी अट बसते, आणि प्लेट लवकर आली तरी कटिंग तिथंच अडून राहतं. फक्त दिवस लिहा आणि आधीच्या कामाचा क्रमांक द्या. रंग हायड्रोटेस्टनंतरच जोडा. रंगाखाली बारीक गळती झाकली जाते. रंग वाळायचे दोन दिवस साधे ‘२डी’ (2d) लिहिले तर रविवार वगळला जातो. रंग रविवारीही वाळतो, म्हणून ‘२ईडी’ (2ed, म्हणजे सुट्ट्याही धरून सलग दिवस) लिहा.

पार्टीला तारीख कळवण्याआधी बेसलाइन (मूळ वेळापत्रकाची नोंद) सेव्ह करा. ड्रॉइंग त्यांच्याकडेच आठ दिवस पडून राहिलं, हे पुढे दाखवता येतं.

दर शनिवारी संध्याकाळी एकाच माणसाने, शक्यतो सुपरवायझरनेच, फाइल भरावी. टक्के विचारू नका. वेल्डिंग तीन आठवडे ‘ऐंशी टक्के’च असतं! ‘अजून किती दिवस?’ विचारा आणि तो आकडा ‘रिमेनिंग ड्युरेशन’ (उरलेले दिवस) या रकान्यात टाका.