सी लँग्वेजमध्ये "आकडाच टाकलाय ना" हे तपासताना माझी कशी वाट लागली

फर्स्ट इयरची पोरं दरवर्षी एकच विचारायलीत, भाऊ युजरनी आकड्याच्या जागी अक्षर टाकलं तर काय करायचं. स्कॅनएफ, इफ, व्हाईल लूप तुम्हाला येतंय असं धरून चालतो. मी कुठं आपटलो तेवढं सांगतो, कारण ते आठवलं की आजबी कान गरम होतेत.

आमच्या काकाची लातूरच्या मोंढ्यात आडत आहे, म्हणून मिनी प्रोजेक्टला मी पट्टीचा प्रोग्राम घेतला. भाव टाका, वजन टाका, हमाली-तोलाई वजा, खाली शेतकऱ्याची रक्कम. स्कॅनएफ एक संख्या वाचली की १ परत देतं, अक्षर आलं की ०, हे मला माहीत होतं, म्हणून १ आला तरच पुढं जा नाहीतर परत विचार असा लूप लावला आणि लई हुशार झाल्यासारखं वाटलं. अक्षर टाकल्यावर लूप थांबेना तर हॉस्टेलच्या सिनियरनी सांगितलं, एफफ्लश एसटीडीइन, म्हणजे fflush(stdin), टाक, उरलेलं इनपुट साफ होतंय, सगळे तेच टाकतेत. टाकलं, माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि जुना कंपायलर होता, चाललं, विषय संपला.

प्रॅक्टिकलला लॅबमध्ये लिनक्स. एक्स्टर्नल सरांनी सोयाबीनचा २०२३-२४ चा हमीभाव टाकला, ४,६००, मध्ये स्वल्पविराम देऊन, जसा आपण कागदावर लिहितो तसा. (इथं मी मराठी आकडे लिहायलोय, कीबोर्डवर इंग्रजी समजा, सी ला मराठी आकडे कळत नाहीत.) आणि स्क्रीनवर "चुकीचं वजन, परत टाका" धो धो पळायला लागलं. सरांनी वजन अजून टाकलंच नव्हतं! कंट्रोल सी दाबेपर्यंत माझा घाम निघाला.

आता नीट ऐका, इथंच सगळे फसतेत. स्कॅनएफला पूर्णांक मागितला की ते आकडे दिसतेत तोवर वाचतं आणि पहिल्या परक्या चिन्हाला थांबतं. ४ वाचला, स्वल्पविराम दिसला, थांबलं. एक संख्या मिळाली म्हणून १ परत दिला, म्हणजे माझ्या तपासणीत भाव पास, ४ रुपये क्विंटल! उरलेलं ",६००" तिथंच पडून राहिलं. वजनाच्या स्कॅनएफला पहिलंच चिन्ह स्वल्पविराम भेटला, त्यानी ० दिला आणि स्वल्पविराम जागेवरच सोडला, लूपनी परत विचारलं, परत तोच स्वल्पविराम, असं कायमचं. भावाच्या जागी १२.५ टाका, हेच होतंय, १२ आत आणि ".५" पुढच्याच्या गळ्यात.

आणि तो एफफ्लश? सी च्या स्टँडर्डमध्ये तो आउटपुटसाठी आहे, इनपुटवर काय होईल याची हमीच नाही. लिनक्सवर त्यानी काही साफ केलं नाही. पण खरी गंमत पुढं. रूमवर येऊन लॅपटॉपवर तेच ४,६०० टाकलं तर तिथं उरलेलं साफ झालं, लूप नाही, एरर नाही, १२ क्विंटलचे ५५,२०० च्या जागी गुपचूप ४८ रुपये. त्यापेक्षा लूप परवडला, निदान बोंबलतो तरी. तेव्हापासून "टाक, चालतंय" म्हणणाऱ्या सिनियरवर माझा विश्वास नाही. का चालतंय ते सांगता येत नसेल तर त्याच्याकडून चहा घ्या, कोड घेऊ नका.

आता मी असं करतो. एफगेट्सनी (fgets) पूर्ण ओळ घ्यायची, म्हणजे मागं काही उरत नाही (ओळीला जागा भरपूर ठेवा, १०० बास). मग ओळीतून आकडा काढायला पूर्णांकाला स्ट्रटोल (strtol), दशांशाला स्ट्रटोडी (strtod). हे दोघं कुठं थांबले त्याचा पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, देतेत. तो सुरुवातीलाच असेल तर आकडाच नव्हता. तो पुढं गेला आणि तिथं नवी ओळ किंवा ओळ संपल्याची खूण ('\0', आकडा शून्य नव्हे) असेल तरच पास, बाकी काहीबी असेल तर परत विचारा. एटॉय (atoi) वापरू नका, ते अक्षरालाबी ० देतं आणि खऱ्या शून्यालाबी ०. दशांशात "नॅन" (nan, म्हणजे आकडाच नाही) आणि "इन्फ" (inf, म्हणजे अनंत) इंग्रजीत टाइप केलेले पण पास होतेत, म्हणून वजनाला "० पेक्षा जास्त आणि ५०० पेक्षा कमी असेल तरच घ्या" अशी अट लिहा. उलटी, म्हणजे "कमी असेल तर नाकारा" अशी लिहिली तर नॅन निसटतो, कारण त्याची कमी-जास्तची कुठलीच तुलना खरी ठरत नाही.

पायथॉनवाल्यांनो, तुम्ही लई सुखात. ट्राय मध्ये इंट, व्हॅल्यूएरर पकडा, झालं. इझडिजिटच्या (isdigit) नादी लागू नका, ते वजा ५ ला आणि १२.५ ला नाही म्हणतं, आणि वर्गाच्या छोट्या २ ला (²) हो म्हणतं ज्यावर इंट कोसळतं. मराठी १२ मात्र पायथॉन बिनतक्रार घेतं, मला ते बघून उगंच भारी वाटलं होतं.

घाबरू नका, मार्क कमी पडले पण पास झालो. तोच प्रोग्राम सुधारून काकाला दाखवला. स्वल्पविराम आपोआप काढावा का यावर मी लई विचार केला, पण कुणी ४,६ टाकलं तर ते ४६ का ४.६ हे मी कोण ठरवणार, म्हणून सरळ नाकारतो. काकांनी पहिल्या झटक्यात "१२ क्विंटल" टाकलं. प्रोग्राम म्हणला, नुसता आकडा टाका. काका म्हणले, "मग आधी सांगायचं ना तसं." तेव्हा वजन विचारायच्या ओळीतच लिहिलं, "उदा. १२.५".