रानातलं खायचंय? मग आधी एकच झाड वर्षभर बघा

नवीन माणूस बहुतेक वेळा काय करतो, तर फोनमध्ये खाण्याजोग्या वनस्पतींची भलीमोठी यादी घेऊन रानात शिरतो आणि समोर जे हिरवं दिसेल त्याला यादीतलं कुठलंतरी नाव चिकटवतो. हे उलटं झालं. आधी एक झाड पक्कं करायचं, म्हणजे ते उगवताना कसं दिसतं, फुलल्यावर कसं, बी धरल्यावर कसं, वाळल्यावर कसं, हे सगळं एका वर्षात बघून ठेवायचं आणि तोडायचं पुढच्या हंगामात. कारण खायचा भाग असतो कोवळा पाला, आणि कोवळेपणी बरीच झाडं सारखीच दिसतात, खरी ओळख पटते ती फुला-फळांवरून, आणि तोपर्यंत खायची वेळ टळून गेलेली असते.

सुरुवात घोळूपासून करा असं मी सगळ्यांना सांगते. जगात जवळपास सगळीकडे उगवते, कुंड्यांत, शेताच्या बांधावर, फरशीच्या फटीत. देठ लालसर आणि मांसल, पानं जाड, टोकाला गोलसर, देठाकडे निमुळती. आता नीट बघा, हिच्या शेजारीच जमिनीला चिकटून पसरणारं दुधी नावाचं तण (भोपळ्याची दुधी नव्हे) उगवतं, तिचाही देठ लालसर, आणि घाईत दोन्ही एकाच मुठीत येतात. म्हणून प्रत्येक फांदी मोडून बघायची. पांढरा चीक आला की ती दुधी, ती फेकून द्यायची आणि हात धुवायचे, चीक डोळ्याला लागला तर फार आग होते. घोळूच्या मोडलेल्या देठातून फक्त पाण्यासारखा स्वच्छ रस येतो. वर्षभर बघत राहिलात तर तिची छोटी पिवळी फुलं दिसतील, ती उन्हातच उमलतात, आणि नंतर बोंड असं उघडतं की डबीचं झाकण निघावं तसा वरचा भाग सुटून येतो, आत बारीक काळं बी. एवढं बघितल्यावर घोळू कुठेही भेटली तरी चुकणार नाही. अजून एक मजा म्हणजे सकाळी तोडलेली घोळू संध्याकाळपेक्षा जास्त आंबट लागते, कारण पाण्याची ओढ असली की ती रात्री पानांत आम्ल साठवते आणि दिवसा उन्हात वापरून टाकते.

थंडी सरली की कोवळ्या पाल्याचे दिवस येतात. चाकवताच्या कोवळ्या पानांवर, विशेषतः खालच्या बाजूला, पांढरी पिठूळ पूड असते, बोटाने पुसली की निघते. रानमाठ पण तेव्हाच घ्यायचा, पण खत भरपूर टाकलेल्या शेतातला नको, तो नायट्रेट साठवून ठेवतो. या सगळ्या पाल्यात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा व्हायला कारण ठरू शकणारं द्रव्य, असतं, म्हणून उकळून पाणी फेकून द्यावं, आणि मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज खाऊ नये.

एका कुळापासून मात्र सुरुवातीची काही वर्षं लांबच राहा, ते म्हणजे गाजर-कोथिंबिरीचं. छत्रीसारखे फुलांचे गुच्छ आणि कातरलेली पानं दिसली की हात मागे. याच कुळात हेमलॉक आहे, गुळगुळीत पोकळ देठावर जांभळे डाग असलेलं, इसवी सनपूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसला जे विष प्यायला दिलं ते याचंच मानतात. त्याची पानं आणि गाजराची पानं यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो.

नंतर फळांचे दिवस. रास्पबेरी, ब्लॅकबेरी आणि त्यांची भावंडं नवशिक्यासाठी चांगली, बारीक रसाळ मण्यांचा घोस जुळून एक फळ झालेलं असतं, त्यामुळे ओळखायला सोपी. तुती पण घ्या, पण पूर्ण पिकलेलीच, कच्च्या तुतीने पोट बिघडतं. काळ्या गोल फळांना मात्र वेळ द्या. कामोणीची फळं एका ठिकाणाहून चार-पाच अशी झुपक्याने लोंबतात, बेलाडोनाचं फळ एकेकटं असतं आणि त्याच्या मागे मोठा चांदणीसारखा हिरवा पुष्पकोश, म्हणजे फुलाचं बाहेरचं हिरवं आवरण, पसरलेला असतो, ते जीवघेणं आहे. कामोणीचंही हिरवं कच्चं फळ विषारीच. आणि पक्षी खातायत म्हणजे आपल्याला चालेल हे डोक्यातून काढून टाका, पक्ष्यांना पचणारी कितीतरी फळं माणसाला विषारी असतात. लहान मुलं सोबत असतील तर लाल-काळी गुंज आधी दाखवून ठेवा, चावलेली बी अत्यंत विषारी असते.

आता अळंबी. पाऊस झाला, हवा दमट झाली की एका रात्रीत वर येतात आणि मोह होतोच. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्लं म्हणजे चांगलं, हे सगळं साफ खोटं आहे. डेथ कॅप नावाची अळंबी चवीला चांगली लागते असं खाऊन वाचलेले लोक सांगतात, तिचं विष शिजवून, वाळवून किंवा गोठवून जात नाही, आणि अर्धी टोपी मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरेशी असते. वाईट म्हणजे त्रास सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात आतून यकृत निकामी होत असतं.

म्हणून अळंबी कधीही वरून खुडायची नाही, बुडाखालची माती उकरून पूर्ण काढायची. बुडाशी पिशवीसारखं आवरण, देठावर कडं आणि टोपीखाली पांढरे पडदे, म्हणजे पापुद्र्यांसारख्या पातळ उभ्या पट्ट्या, असं एकत्र दिसलं तर ती डेथ कॅपच्या कुळातली असू शकते, सोडून द्या. मग घरी येऊन बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक कणांचा, ठसा घ्या. देठ कापून टोपी पडदे खाली करून कागदावर ठेवायची, अर्धा कागद पांढरा अर्धा काळा, वर वाटी पालथी घालून रात्रभर तसंच. सकाळी कागदावर बारीक पूड पडलेली असते. हिरवट आली तर बहुतेक ती हिरव्या बीजाणूंची विषारी छत्री, जी हिरवळीवर उगवते आणि दिसायला अगदी खाण्यासारखी असते. ठसा पांढरा आला म्हणजे चांगली असं मात्र अजिबात नाही, डेथ कॅपचाही पांढराच येतो. ठसा फक्त नाही म्हणायला उपयोगी. फोटो ओळखणारं ॲप नाव सुचवायला ठीक आहे, पण त्याच्या भरवशावर खाऊ नका, ज्याने ती अळंबी अनेक वर्षं गोळा केलीये अशा माणसाला प्रत्यक्ष दाखवा.

जागा पण बघून निवडा. रस्त्याच्या कडेची माती, रुळांच्या कडेला तणनाशक मारलेली पट्टी, कारखान्याजवळचं पाणी, हे सगळं सोडायचं, अळंबी तर जड धातू शोषून घेतात. एका जागेवरून सगळं ओरबाडू नका, मूळ खणायचं असेल तर भरपूर उगवलेलं असेल तरच, आणि जमीन कुणाची आहे, तोडायला परवानगी आहे का ते आधी विचारा, संरक्षित जंगलात बऱ्याच ठिकाणी मनाईच असते.

पहिल्यांदा खाताना अगदी थोडं, नीट शिजवलेलं, आणि एका वेळी एकच नवीन वस्तू, म्हणजे काही झालं तर कशाने झालं ते कळेल. अळंबी असेल तर एक न शिजवलेली कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, किमान दोन दिवस. पोट बिघडलं तर बरं वाटेल म्हणून थांबू नका, तीच अळंबी घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा आणि किती वाजता खाल्लं होतं ते पहिल्यांदा सांगा.