शब्द प्राण्याचा, अर्थ भलताच
इंग्रजी धड्यात ‘शी डक्ड’ आलं की मुलं बदकापाशीच अडकतात. आधी शब्दाची जागा बघायला शिकवा. शब्दाच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ असेल तर बहुधा नाम. शेवटी ‘-एड’ लागलं असेल तर बहुधा क्रियापद. मग डक म्हणजे झटकन खाली वाकणं, हाउंड म्हणजे शिकारी कुत्रा नाही, तर पिच्छा पुरवणं.

क्रेन तर मला फारच आवडतो. क्रौंच पक्षी, त्याच्या लांब मानेमुळे तेच नाव मिळालेलं ओझं उचलायचं यंत्र, आणि मान उंचावून बघणं, सगळं एकाच पक्ष्याचं. आपल्याही बंदुकीला घोडा असतोच की!

सील मात्र वेगळा. समुद्रातला प्राणी आणि पाकिटावरची मोहोर यांचं मूळच निराळं. तिथे संबंध जोडत बसू नका, दोन शब्द म्हणूनच पाठ करा.